पस्तिसाव्या हिश्शातला इतिहास

बांगलादेशचे युद्ध संपून जेमतेम नऊ महिने झाले होते. १९७२ सालच्या गणेशोत्सवात आमच्या बालाघाटच्या मोहल्ल्यातील मुलांनी रणगाड्याचा देखावा करावयाचे ठरविले. मी त्या वेळी तेरा वर्षांचा होतो. किराणा दुकानातून पुठ्ठ्याची खोकी आणली, चाकांसाठी सायकलचे जुने टायर जमविले आणि तोफेसाठी बांबू शोधावा लागलाच नाही, कारण आमचा जिल्हाच बांबूचा. रामरज आणि नीळ कालवून हिरवा रंग तयार केला. समोर वर्तमानपत्रातील दोन धूसर कात्रणे होती. आमच्या मते रणगाडा अगदी हुबेहूब झाला होता.

तिसऱ्या दिवशी सुटीवर आलेले एक हवालदार आरतीला आले. देखाव्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी विचारले, "काय रे पोरांनो, हा पॅटन आहे की सेंच्युरियन?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. त्यांनी न रागावता समजावून सांगितले, की पॅटनची चाके वरपासून खालपर्यंत उघडी दिसतात, सेंच्युरियनच्या चाकांचा वरचा भाग लोखंडी पडद्याआड झाकलेला असतो. आणि दोहोंनाही मागच्या बाजूस एक दातेरी चाक असते, जे साखळी ओढते. आमच्या गाड्याला दातेरी चाक नव्हतेच. "बिनदातांचा रणगाडा चालत नसतो, ढकलावा लागतो," असे म्हणून ते हसले आणि प्रसाद घेऊन गेले. आमची दोन कात्रणे दोन वेगळ्या, किंबहुना परस्परांशी लढलेल्या, देशांच्या रणगाड्यांची होती. पुढचा भाग शत्रूचा आणि मागचा आपला, असा तो गणपतीपुढचा रणगाडा होता!

हा प्रसंग मी विसरलो असतो. पण पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाला लष्करी वाहनांच्या छोट्या प्रतिकृती करण्याचा छंद लागला, आणि निवृत्तीनंतर त्याच्याकडे राहावयास गेलो असता त्याच्या टेबलाशी बसून मी पुन्हा त्या हवालदारांच्या प्रश्नापाशी आलो. मुलांचे खेळणे म्हणून ज्या गोष्टीकडे मी वर्षानुवर्षे पाहिले, तिच्यात इतिहासाच्या अभ्यासाची एक फार कडक शिस्त आहे, असे माझे मत झाले आहे. ते वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मोठी वस्तू ठरावीक प्रमाणात लहान करून पाहणे हा मुळात मुलांचा नव्हे, तर राजांचा उद्योग. फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी त्याचा युद्धमंत्री लूव्वा याने १६६८ पासून सरहद्दीवरील किल्ल्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. सहाशे फूट तटाला एक फूट, या हिशेबाने केलेल्या त्या प्रतिकृतींवर भिंती, खंदक, आसपासची शेते आणि घरेही होती. किल्ल्यास वेढा पडला तर तोफा कोठे लावाव्यात, हे राजधानीत बसून ठरविता यावे, हा त्यामागचा उद्देश. पॅरिसमध्ये त्यांपैकी अनेक आजही जतन केलेल्या आहेत.

किल्ल्यांच्या प्रतिकृती आपणही करतोच. दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यावरचा मावळा महादरवाज्याहून उंच असतो, शिवाजी महाराजांचे सिंहासन बुरुजाहून मोठे असते आणि पायथ्याशी अळीव उगवून जंगल केलेले असते. त्यात कोणास काही वावगे वाटत नाही, आणि वाटूही नये. तेथे आकार मोजपट्टीने ठरत नाही, आदराने ठरतो. मात्र या सवयीमुळे आपल्याकडे प्रतिकृती म्हणजे भक्तिभावाची वस्तू झाली; पुराव्याची झाली नाही.

पुराव्याची प्रतिकृती कशी असते, हे दुसऱ्या महायुद्धाने दाखविले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने तेथील शाळकरी मुलांकडे विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या. त्या बहात्तराव्या हिश्शात करावयाच्या होत्या, म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस एक इंच. त्यांना काळा रंग द्यावयाचा होता, कारण त्या शोभेसाठी नव्हत्या. आकाशात दिसणारी काळी आकृती आपली की शत्रूची, हे क्षणात ओळखण्याचा सराव सैनिकांना त्यांवरून दिला जाई. पंखाचा कोन चुकला तर स्वतःचेच विमान पाडले जाण्याची भीती. आमच्या हवालदारांचा प्रश्न याच जातीचा होता. पॅटन की सेंच्युरियन, हे रणांगणावर चुकीचे ठरविणारा तोफची दुसऱ्यांदा चुकावयास उरत नाही.

महायुद्ध संपले आणि हे कौशल्य बाजारात आले. इंग्लंडमधील एअरफिक्स कंपनीने १९५२ साली एका जुन्या गलबताचा प्लॅस्टिकचा संच दोन शिलिंगांना विकावयास काढला आणि पुढे विमानांची मालिकाच सुरू केली. रणगाड्यांना मात्र त्यांचे खरे घर जपानमध्ये मिळाले. शिझुओका या गावी योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकडाची वखार काढली होती. उरल्यासुरल्या लाकडातून प्रतिकृतींचे संच निघू लागले, पुढे तोच मुख्य धंदा झाला. अमेरिकी प्लॅस्टिकचे संच आल्यावर लाकूड मागे पडले. तामिया यांनी १९६० साली प्लॅस्टिकमध्ये यामातो ही युद्धनौका काढली, पण ती स्पर्धेत टिकली नाही. १९६१ साली त्यांनी जर्मन पँथर रणगाडा काढला, आतल्या मोटारीवर चालणारा. त्याने कंपनी तारली.

त्या पँथरचे प्रमाण पस्तिसास एक असे निघाले. या आकड्यामागे काही शास्त्र असेल अशी माझी समजूत होती. तसे काही नव्हते. मोटार आणि विजेऱ्या पोटात मावतील एवढा रणगाडा करावयाचा होता. तसा केल्यावर त्याचे माप घेतले, ते मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढे भरले. पुढे मोटारी गेल्या, विजेऱ्या गेल्या, पण प्रमाण राहिले. आज इटली, रशिया, तैवान, चीन येथील कंपन्या रणगाड्यांचे संच मुख्यतः याच प्रमाणात काढतात. सरकारी नोकरीत असे पुष्कळ पाहिले आहे. एखाद्या तात्पुरत्या अडचणीपोटी निघालेले परिपत्रक, अडचण सरल्यावरही चाळीस वर्षे नियम म्हणून पाळले जाते.

योशिओ यांचे पुत्र शुनसाकू तामिया यांचे जुलै २०२५ मध्ये वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. ते १९६६ साली अमेरिकेतील ॲबर्डीन येथील लष्करी संग्रहालयात गेले आणि तेथे उघड्यावर उभ्या असलेल्या रणगाड्यांची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेत राहिले. खेळणी करणारा एक कारखानदार पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन रणगाड्याच्या पोटाखालची झाकणे पाहतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

जुन्या युद्धातील वाहनांची ही सोय आधुनिक वाहनांना नाही. महायुद्धातले रणगाडे संग्रहालयांत गेले, त्यांचे नकाशे खुले झाले. आज सेवेत असलेले वाहन झाकूनच ठेवले जाणार, आणि ते योग्यच आहे. रशियाचा टी-७२ रणगाडा १९७७ साली मॉस्कोच्या लाल चौकातील संचलनात जगाला प्रथम दिसला. तोही समोरून आणि बाजूने. माथ्यावर काय, मागे काय, हे तर्काने भरावयाचे. संचलनातील छायाचित्रांवरून प्रतिकृती करणाऱ्याची स्थिती शिलालेखाचा अर्धा भाग फुटलेला असताना पाठ लावणाऱ्या संशोधकासारखी असते. दिसते ते नोंदवावे, न दिसणारे अनुमानाने भरावे, आणि अनुमान कोठे सुरू झाले हे स्वतःपाशी प्रामाणिकपणे लिहून ठेवावे. माझा मुलगा प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक वही ठेवतो. तिच्यात पाहिलेले निळ्या शाईने आणि मानलेले तांबड्या शाईने लिहिलेले असते. हिशेब खात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती वही पाहून किती समाधान झाले, हे वेगळे सांगावयास नको.

आता थोडे प्रत्यक्ष कारागिरीविषयी. सेंच्युरियन रणगाड्याची रुंदी सुमारे ३ मीटर ३८ सेंटिमीटर. पस्तीसने भागले की साडेनऊ सेंटिमीटरहून किंचित अधिक, म्हणजे माझ्या तळहाताएवढी. पावणेसहा फुटांचा सैनिक पाच सेंटिमीटरचा होतो. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पस्तीस पटींनी घटत असल्याने वजन मात्र पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. बावन्न टनांचा खरा रणगाडा त्याच पोलादात लहान केला तर सव्वा किलोच्या आत येईल. प्लॅस्टिकचा तर त्याहून पुष्कळच हलका. त्यामुळे तो टेबलावर ठेवला की तरंगल्यासारखा दिसतो. खऱ्या रणगाड्याची जड साखळी चाकांच्या मधल्या जागेत आपल्याच वजनाने खाली ओघळलेली असते. प्रतिकृतीतली हलकी साखळी ओघळत नाही. म्हणून ती खालच्या चाकांना दोऱ्याने किंवा डिंकाने बांधून ओघळती करावी लागते. वजन नसलेल्या वस्तूला वजन आहे असे दाखविणे, ही या कलेतली पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा जाडीची. साच्यातून निघालेला प्लॅस्टिकचा पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर खऱ्या मापात तो पस्तीस मिलिमीटर झाला. चिखल अडविण्यासाठी चाकांवर जे पातळ पत्रे असतात ते असे दिसले, की गाडी नव्हे तर तिजोरी वाटते. मग तो भाग कापून तेथे पितळेचा पातळ पत्रा बसवावयाचा. रसायनाने कोरलेले असे पितळी भाग विकत मिळतात. जाळ्या, कड्या, बिजागऱ्या, सारे त्यात असते. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा आणण्यासाठी दाट लेप ब्रशच्या टोकाने ठिपके ठिपके देत लावतात. संदेशयंत्राची तार हवी असेल तर संचाच्या चौकटीतली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीच्या धगीवर तापवून हळूच ताणावयाची. ती केसासारखी बारीक होते. गुंडाळलेली ताडपत्री पातळ कागद डिंकात भिजवून होते. हे सारे करताना मुलगा श्वास रोखून बसतो, आणि त्याची आई पंखा बंद केल्याबद्दल तक्रार करते.

रंगकामाचे शास्त्र निराळेच आहे. बेल्जियमचे फ्रांस्वा व्हर्लिन्डेन आणि अमेरिकेचे शेपर्ड पेन या दोघांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिकृतीला धूळ, चिखल आणि झीज दिली. त्याआधी रणगाडे दुकानातून नुकतेच आणल्यासारखे दिसत. पातळ केलेला गडद तैलरंग खाचांतून सोडावयाचा, कोरड्या ब्रशने कडा उजळावयाच्या, कोरडी रंगपूड धुळीसारखी बसवावयाची. मूळ रंगही जसाच्या तसा लावीत नाहीत. लांबून पाहिलेली वस्तू फिकी दिसते, म्हणून लहान वस्तूचा रंगही किंचित फिका करावा लागतो. अलीकडे मात्र या मंडळींना गंजाचे भलतेच वेड लागले आहे. स्पर्धांच्या छायाचित्रांत असे रणगाडे दिसतात, की जणू दहा वर्षे विहिरीत पडून होते. चालू पलटणीतील गाडीवर इतका गंज दिसला तर आमच्या त्या हवालदारांनी गाडीवाल्याची रजा रद्द केली असती. झीज असावी, पण ती कोठून आली हे सांगता आले पाहिजे. शिपाई जेथे पाय देऊन वर चढतो तेथला रंग उडतो. जेथे कोणाचाच हात पोहोचत नाही तेथला उडत नाही.

या छंदापायी आम्ही दोघे अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला गेलो. तेथील चिलखती दलाच्या केंद्राचे रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झाले. रोल्स-रॉईसची चिलखती मोटार, मटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन, जपानी रणगाडे, आपल्या सैन्याचे विजयंता, पीटी-७६, एएमएक्स-१३, आणि पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन. महाराष्ट्रातील प्रत्येक शाळेने पाहावे असे ते स्थान आहे. सेंच्युरियनजवळ मी आपोआप मागे गेलो आणि दातेरी चाक पाहिले. पन्नास वर्षे उशिरा का होईना, दात मोजले.

याच गावी, चिलखती दलाच्या केंद्रात, फामागुस्ता नावाचा सेंच्युरियन जतन केलेला आहे. फामागुस्ता हे सायप्रस बेटावरील एका बंदराचे नाव. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगड भागात, बसंतर नदीपलीकडे जरपाल येथे, या रणगाड्यात सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल होते. त्यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५० चा, पुण्याचा. पलटणीचे नावही पूना हॉर्स. वय एकवीस. सैन्यात अधिकारी होऊन सहा महिने झाले होते. पाकिस्तानी रणगाड्यांचा प्रतिहल्ला अडविताना त्यांचा रणगाडा पेटला. बाहेर पडण्यास सांगितले असताही ते लढत राहिले आणि तेथेच कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पूना हॉर्सचेच लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांना १९६५ च्या फिल्लोरा-चाविंडा लढाईतील पराक्रमासाठी ते आधी मिळाले होते. मुंबईत जन्मलेला एक, पुण्यात जन्मलेला दुसरा, आणि दोघांची वाहने सेंच्युरियनच.

मुलाने फामागुस्ताची प्रतिकृती करावयास घेतली. संच मिळतो, परदेशी कंपन्यांचे सेंच्युरियन बाजारात आहेत. अडचण पुढे येते. प्रतिकृतीला एक क्षण निवडावा लागतो. पुस्तकात आपण सकाळ लिहितो, मग दुपार, मग संध्याकाळ. प्लॅस्टिकच्या रणगाड्याला एकच वेळ असते. १६ डिसेंबरच्या सकाळचा फामागुस्ता दाखवावयाचा की दुपारचा? दुपारचा दाखवावयाचा तर गोळा लागलेली जागा, जळालेला रंग, काजळी, हे सर्व आले. हे सर्व कसे करतात याचे सुंदर तंत्र उपलब्ध आहे, आणि मुलाचा हातही चांगला आहे. तो चार रविवार टेबलाशी नुसता बसून राहिला. पाचव्या रविवारी म्हणाला, "बाबा, सकाळचाच करतो." झाकणातून डोके वर काढलेला पाच सेंटिमीटरचा अधिकारी संचात होता, तोही त्याने बसविला नाही. मी कारण विचारले नाही. साखळ्यांत नदीकाठचा चिखल आहे, बाजूस नाव आहे, आणि वरचे झाकण उघडे आहे.

येथवर सारे परदेशी साच्यांतून चालले होते. घरचे वाहन करावयाचे ठरले तेव्हा खरी कसोटी लागली.

आम्हा बालाघाटकरांना लष्करी वाहने अपरिचित नाहीत. जबलपूर आमचे शेजारचे मोठे शहर. १९५६ पूर्वी दोन्ही गावे नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशातच होती, आणि पुढे भाषावार रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला तरी आम्ही येथेच राहिलो. जबलपूरला १९०४ पासून तोफगाड्यांचा कारखाना आहे आणि १९६९ पासून वाहनांचा. मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक तेथे निघाला, निस्सान या जपानी कंपनीच्या परवान्याने एक टनी गाडी निघाली, आणि निस्सानच्याच पेट्रोल या जीपसारख्या गाडीवरून जोंगा निघाली. जोंगा हे नाव म्हणजे जबलपूरच्या आयुध आणि तोफगाडा कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांची जोडणी आहे; परदेशी पाहुण्यांना ते आफ्रिकी वाटते. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन आणि कोणताही चढ चढणारी ताकद. १९९९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. २०२१ साली आयुध कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा वाहन कारखाना चिलखती वाहनांच्या नव्या निगममध्ये गेला.

नक्षलवादाच्या काळात आमच्या जिल्ह्यातील रस्त्यांवर सुरुंगरोधक वाहनेही आली. त्यांचा तळ सपाट नसून होडीसारखा, इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो, म्हणजे खालून झालेल्या स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो आणि आतली माणसे वाचतात. हे वाहन प्रतिकृतीस फार आकर्षक आहे, असे मुलाचे मत. मी त्याला इतकेच म्हटले, की ज्यांनी त्यात बसून लांजी-बैहरच्या रस्त्यांवर दिवस काढले ती माणसे अजून आपल्या गावात राहतात. त्यांना विचारून कर. तो विषय तेवढ्यावर थांबला आहे.

मग जोंगा ठरली. तिचा संच काही आमच्या हाती लागला नाही. प्लॅस्टिकचे पत्रे कापून सारी गाडी मुळापासून करावयाची होती. आणि येथे माझा संबंध येतो.

मी लेखा विभागात असताना एका जिल्हा कार्यालयात लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा होती. माझ्या मुलाचे बालपण काही अंशी त्या गाडीत गेले. रविवारी गाडीवान ती धुवावयास काढी, तेव्हा हा आत बसून चक्र फिरवी. २००१ साली ती निकामी ठरविण्याचा प्रस्ताव आला. नस्ती माझ्या टेबलावर आली, मी आकडे तपासले आणि सही केली. खरेदीची किंमत, घसारा, दुरुस्तीवरील एकूण खर्च, धावलेले किलोमीटर, लिलावाची आधारभूत रक्कम. एकही रकाना रिकामा नव्हता. गाडी भंगारवाल्याने नेली तेव्हा मी खिडकीतून पाहिलेही नाही.

मुलाने वही उघडून पहिला प्रश्न विचारला, "बाबा, जादा चाक कोठे होते?" मी म्हटले, मागे. तो म्हणाला, डाव्या बाजूला. कारण त्याच्यावर पाय ठेवून मी वर चढत असे. पत्नी म्हणाली, आत होते, त्यामुळे सामान ठेवावयास जागा होत नसे. तीन माणसे, तिघांनीही ती गाडी वर्षानुवर्षे पाहिलेली, आणि तीन जागा. मला तिचा दुरुस्तीखर्च आजही रुपयांत सांगता येईल. चाक कोठे होते ते सांगता येत नाही.

पुरावा शोधला. निरोपसमारंभाचे एक सामूहिक छायाचित्र सापडले. मागे जोंगा आहे, पण समोरून. दिवे आणि जाळी स्पष्ट, बाकी सारे अधिकाऱ्यांच्या खांद्यांनी झाकलेले. वारासिवनीच्या बाजूस एका शेतकऱ्याकडे लिलावातलीच एक जोंगा आहे असे कळले, म्हणून तेथे गेलो. त्या भल्या गृहस्थाने चहा दिला, बोनेट उघडून दाखविले आणि हवे ते मोजू दिले. परंतु त्याने इंजिन डिझेलचे बसविले होते, छप्पर पत्र्याचे केले होते आणि मागचा भाग कापून धान्याची पोती मावतील असा केला होता. मुलाने दोन तास मापे घेतली. खालचा सांगाडा, चाकांमधले अंतर, दाराच्या कडा, पुढचा काचेचा भाग. जादा चाक त्या गृहस्थाने छपरावर बांधले होते. ते पाहून आम्हा बापलेकांना हसू आले, आणि का हसतो हे त्याला समजावताही येईना.

परत येताना मी विचार करीत होतो. परदेशी पँथर रणगाड्याचा एकेक खिळा जगास माहीत आहे, तो माहीत करून घेण्यासाठी एक खेळणीवाला ॲबर्डीनला गेला. आमच्या घरापासून चार-पाच तासांच्या वाटेवर बनलेली गाडी, जी सरहद्दीपासून तहसील कचेरीपर्यंत सर्वत्र धावली, तिचे चाक कोठे होते हे तीन साक्षीदारांना सांगता येत नाही. तिच्या लिलावाच्या नस्तीला एक छायाचित्र जोडावे, असे त्या वेळी मला सुचले असते तर नियमांत त्यास कोठेही मनाई नव्हती.

जोंगा आता अर्ध्याहून अधिक झाली आहे. सांगाडा आणि पुढचा भाग निळ्या शाईचा आहे. जाळी निरोपाच्या छायाचित्रावरून घेतली, तिच्या पट्ट्या आम्ही दोघांनी वेगवेगळ्या मोजल्या आणि आकडा जुळला. रंग लावावयाचा आहे. लष्करी हिरवा की कार्यालयात आल्यावर दिलेला पांढरा, यावर मात्र दुमत नाही. पांढरा, आणि दारांच्या कडांना, जेथे हात लागून पापुद्रे उडाले होते, तेथे खालचा हिरवा. ती झीज आम्हा तिघांनाही आठवते. क्रमांकही मला पाठ आहे, कारण लॉगबुकावर तो मी इतक्या वेळा लिहिला की झोपेतही सांगेन. तो मुलाने सुईच्या टोकाने पट्टीवर लिहिला. जादा चाक तयार आहे. ते टेबलावर गाडीशेजारी एका बशीत ठेवलेले आहे. भंगारवाला जोंगा ओढून नेताना जे गाडीवान दाराशी उभे होते, ते आता कटंगीला मुलाकडे राहतात असे समजले आहे. दिवाळीनंतर त्यांच्याकडे जाऊन यावयाचे आहे.